नुसतं 'तू सुंदर आहेस' म्हणून भागत नाही
'मुलीला रोज सांगा, तू सुंदरच आहेस. न्यूनगंड येणार नाही' हा वयात येणाऱ्या मुलींच्या आयांना नेहमी दिला जाणारा सल्ला मला पुरेसा वाटत नाही. चौदा वर्षांची मुलगी मनात म्हणते, आई आहे, ती असंच म्हणणार! शिवाय गाडी पुन्हा दिसण्यावरच येते.

त्यापेक्षा शरीरात काय चाललंय ते तिला वेळेआधीच नीट सांगावं. वयात येताना इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे मुलींच्या मांड्या, कंबर भरते. ते व्हायलाच हवं. खाणं फार तोडलं तर पाळी बंद पडू शकते आणि हाडं भरायच्या वयातच कच्ची राहतात. हे माहीत नसलेली मुलगी मागच्या वर्षीची जीन्स मांडीत अडकली की स्वतःलाच दोष देते.

बाहेरच्या चित्रांचा परिणामही हलका नसतो. पॅसिफिक महासागरातल्या फिजी देशाच्या एका प्रांतात १९९५ साली टीव्ही नुकताच आला, तेव्हा अ‍ॅन बेकर या अमेरिकी संशोधिकेने शाळकरी मुलींची पाहणी केली. वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी आढळली नाही. १९९८ मध्ये असं सांगणाऱ्या ११ टक्क्यांहून जास्त होत्या. आता तर फिल्टर लावलेले चेहरे हातातल्या फोनवरच असतात.

आणि घरातलं बोलणं! आरशासमोर स्वतःच्या पोटाला नावं ठेवणारी आई मुलीला न सांगता बरंच शिकवत असते. ते आधी थांबवूया.

मुलगी सगळ्यांसोबत जेवायचं टाळत असेल, जेवण झाल्याबरोबर बाथरूममध्ये जात असेल, तर मात्र समजावत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.