सहा भेटी झाल्या, पण पुराबद्दल समुपदेशक विचारतच नाहीत

वाशिष्ठीची_लेक:
२२ जुलै २०२१ ला मी आणि आई चिपळूणच्या घरात माळ्यावर अडकलो होतो. पहाटे अंगणात आलेलं पाणी बघता बघता ओट्याच्या वर गेलं. खाली रिकामा सिलिंडर तरंगत भिंतीवर आदळत होता, तो आवाज दिवसभर ऐकला. आता पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. तरी गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली की छाती धडधडते, हातपाय गार पडतात. पावसाळ्यात रात्री तीन-चारदा आईला फोन करून पाणी कुठवर आलं विचारते.

मे महिन्यापासून एका समुपदेशक ताईंकडे जाते. श्वास, पाय जमिनीवर टेकवून बसणं, झोपेची वही, एवढंच चाललंय. मी स्वतःहून पुराचं काढलं तर म्हणाल्या, "सांगायचंय, पण आज नको." एका भेटीचे बाराशे रुपये. हे बरोबर चाललंय का?

तेरणाकाठ:
ताई, बरोबर चाललंय. मी किल्लारीजवळच्या गावचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं नुकती झोपलेली. आमचं घर माळवदाचं, दगडमातीच्या रुंद भिंती. मी अकरा वर्षांचा, अंगणात बाजेवर होतो म्हणून वाचलो. धाकटा भाऊ आत होता.

पुढची पंचवीस वर्षं चारच्या आत जाग. छताखाली झोपायचं तर दाराशीच. २०१८ मध्ये पहिल्यांदा एकांकडे गेलो. त्यांनी पहिल्याच तासात सगळं वदवून घेतलं. रडलो, फी दिली, एसटीत बसलो तर हातांची थरथर थांबेना. तीन आठवडे कामावर गेलो नाही, आणि तिकडे परत फिरकलो नाही.

चार वर्षांनी दुसऱ्या बाई भेटल्या. त्यांनी तीन महिने भूकंपाला हात लावला नाही. खोलीत कालनिर्णय टांगलेलं होतं. माझा श्वास अडकला की म्हणायच्या, "आजचा वार, तिथी वाचा. मोठ्यानं." वाचता वाचता मी खोलीत परत यायचो. हे मला घरी एकट्याला जमायला लागलं, तेव्हा पुढं गेलो.

मग ईएमडीआर, म्हणजे नजर हलवत आघाताच्या आठवणीवर काम करायची उपचारपद्धत. मनात एकच चित्र धरायचं, बाई दोन बोटं डावीउजवीकडं फिरवणार, आपण नजरेनं मागं जायचं. माझं चित्र उंबऱ्यापाशी पडलेल्या भावाच्या एका चपलेचं. त्रास शून्य ते दहात किती? दहा. आणि ते बघताना स्वतःबद्दल काय वाटतं? "मी हाक मारली नाही." हे मी बायकोलाही कधी बोललो नव्हतो. त्या धुळीत अकरा वर्षांच्या मला पोराला श्वास घेता येत नव्हता, हाक कुठून मारणार, हे पाचव्या खेपेला माझं मलाच दिसलं. बाईंनी सांगितलं नाही. आकडा दोनवर आला. शून्य होत नाही, आणि मला व्हायलाही नकोय.

समुपदेशक_कोल्हापूर:
मी हेच काम करते. आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि शोक, मग पुन्हा माणसांत मिसळणं, हा क्रम ज्युडिथ हर्मन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये मांडला. आमच्यातले बरेच जण तो पाळतात. पण पहिला टप्पा रेंगाळू नये. ईएमडीआर असो की आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणूक बदलायला शिकवणारी उपचारपद्धत), जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये दोन्ही सुचवल्या आहेत, आणि दोन्हींत आठवणीला भिडावं लागतंच. म्हणून ताईंना सरळ विचारा: पुढं काय, आणि मी तयार झाले हे कशावरून ठरवणार? तुम्हाला स्पष्ट उत्तर मिळायला हवं.

रात्रीच्या फोनांबद्दल त्यांना सांगितलंत का? प्रत्येक फोननं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि भीती आणखी घट्ट बसते. ते कमी करणं उपचारातच येतं. मध्येच रात्री असह्य झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात.

वाशिष्ठीची_लेक:
फोनांचं सांगितलं नव्हतं, लाज वाटली. गुरुवारी सांगते. तेरणाकाठ दादा, काल टाकी वाहिली तेव्हा स्वयंपाकघरात उभी राहून मी पण कालनिर्णय वाचलं. आषाढ वद्य पंचमी. आईला फोन केला, पण एकदाच.