मतदारयादीचं काम: देणगीच्या पगारावर कोकणात करिअर होतं का?

खाडीपलीकडचा (धागाकर्ता):
रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या समाजकार्य शिकलेल्या मुलांनी फाउंडेशनांतली मतदारसहभागाची नोकरी धरावी का? माझं मत, धरावी. पथनाट्यं आणि मानवी साखळ्या निवडणूक आयोगाच्या 'स्वीप' या मतदारजागृती कार्यक्रमातून होतातच. कमी आहे ती यादी वाचणाऱ्या माणसाची. वाडीवार घरं लावायची, मयत, लग्न होऊन गेलेल्या, मुंबईला स्थायिक झालेले अशा खुणा करायच्या आणि बीएलओसोबत, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यासोबत, बसायचं. नवीन नावाला फॉर्म 6, वगळायला 7, दुरुस्ती किंवा पत्ताबदलाला 8. 2022 पासून अर्हता तारखा, म्हणजे 18 वर्षं पूर्ण झाली का ते ज्या दिवशी मोजतात त्या, चार झाल्या: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. काम बारमाहीच आहे. बीएलओ बरेचदा अंगणवाडी सेविकाच असते; अंगणवाडी सांभाळून तिने ते किती ओढायचं?

माडबन:
काम बारमाही, पण पगार? सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक खर्च, कशावर करायचा ते सांगणाऱ्या कंपनी कायद्याच्या अनुसूची 7 मध्ये मतदारनोंदणी नावाने नाहीच, 'शिक्षणा'त कोंबावी लागते. परदेशी निधीवर त्याच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली, शिवाय एका संस्थेने तो निधी दुसरीला द्यायलाही बंदी. पुण्याची मोठी संस्था दापोलीच्या छोट्या संस्थेला त्यातून पोसायची, ती वाट बुजली. उरले देशी दाते. त्यांना निवडणूक लागली की आठवण होते. आंब्याच्या राखणीइतकीच हंगामी नोकरी ही.

शिमग्याला_येतो:
आणि चाकरमान्यांचं काय? 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 20 सांगतं, नुसतं घर मालकीचं असून रहिवासी ठरत नाही. दोन ठिकाणी नाव चालत नाही. खोट्या प्रतिज्ञापनाला कलम 31 खाली वर्षभरापर्यंत कैद. विरारला राहणाऱ्याकडून गणपतीत फॉर्म 6 भरून घेणारा कार्यकर्ता त्याला गोत्यात आणतो. दात्याला मात्र 'किती फॉर्म भरले' एवढाच आकडा हवा. घोळ तिथून सुरू होतो.

खाडीपलीकडचा:
तेच कलम असंही म्हणतं की तात्पुरतं बाहेर राहिल्याने रहिवास जात नाही. सहा महिने बोटीवर असलेल्या खलाशाचं नाव कापू नका म्हणजे झालं. विरारवाल्याला तिथल्या पत्त्याचा फॉर्म 8 भरून द्यावा. संस्थेला परस्पर फॉर्म 7 टाकता येत नाही, तो त्याच मतदारसंघातल्या मतदारानेच द्यायचा. भावकीतल्याचं नाव वगळायला कोण देणार? त्यात ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच निघते, त्यामुळे इच्छुक सरपंचाला मुंबईची नावं हवीच असतात. गावाशी हितसंबंध नसलेला पगारी माणूस लागतो तो याचसाठी.

माडबन:
असा माणूस वाडीत शिरणार कसा? खुणा सांगणार गावकरीच ना!

पाणंद:
85 वर्षांवरच्यांचं टपाली मतदान कोणीच काढलं नाही. निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर फक्त पाच दिवसांत त्यासाठीचा अर्ज, फॉर्म 12डी, द्यावा लागतो. ओसाड वाड्यांत एकटी राहणारी म्हातारी माणसं त्यातच सुटतात. पगार द्यायचाच तर वाडीतल्याच सुनेला द्या, अर्धवेळ, पण पाच वर्षं सलग.

शिमग्याला_येतो:
वाडीतली सून नेमाल तर भावकीचा प्रश्न परत उभा. म्हाताऱ्या मतदारांच्या याद्या तिने कराव्यात, वगळणीला हात लावू नये.