जुन्या लॅपटॉपवर ऑल्ट-टॅबच्या जागी दुसरी युटिलिटी: उपयोग की नुसती हौस?

खिडकीमोजे
लॅपटॉप जुना. ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. काम भाषांतराचं, त्यामुळे पाच वर्ड फाइली, दोन पीडीएफ, शब्दकोश, ब्राउझर, मेल असा पंधरा-वीस विंडोंचा पसारा कायम उघडा. विंडो बदलायला ऑल्ट-टॅब दाबलं की पोस्टाच्या तिकिटाएवढी पांढरी पानं समोर येतात. त्यातलं प्रकरण ४ कुठलं आणि प्रकरण ७ कुठलं, ओळखा बघू!

महिन्यापूर्वी स्विचरू नावाची विंडो बदलायची युटिलिटी टाकली. ऑल्ट-स्पेस दाबायचं, उघड्या विंडोंची यादी येते, नावातली दोन-तीन अक्षरं टाइप केली की यादी आटते, एंटर मारायचं. डोळ्यांनी शोधणं संपलं. माझं मत, जुन्या मशीनवर असलं काहीतरी हवंच.

फिरती_तबकडी
आजार म्हशीला, औषध पखालीला. विंडो सापडायला वेळ लागत नाही, ती सापडल्यावर जिवंत व्हायला लागतो. रॅम भरली की विंडोज न वापरलेला भाग पेज फाइलीत, म्हणजे डिस्कवर नेऊन टाकतं. तुम्ही त्या विंडोवर परतलात की तो ४ केबीच्या तुकड्यांनी परत आणायचा, आणि फिरत्या डिस्कचा हेड सेकंदाला शंभर ठिकाणीसुद्धा धड पोचत नाही. टास्क मॅनेजर उघडून विंडो बदला, डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली दिसेल. तिथे कुठलाही स्विचर काय करणार?

शिवाय स्विचरू डॉटनेटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्राम चालवायच्या पायावर चालतं. त्याला हलकं म्हणणं म्हणजे जरा जास्तच लाड झाले.

खिडकीमोजे
डिस्कचं मान्य. पण नजरेनं चुकीची विंडो उचलली की तिचीही पानं डिस्कवरून येतात, मग बरोबर विंडोची. नावानं गेलो तर एकदाच थांबायचं. यादी बघण्यासाठी काही कुठली फाइल जागी करावी लागत नाही.

फिरती_तबकडी
हा मुद्दा बरा आहे. चुकून उघडलेल्या विंडोचा हिशोब मी धरला नव्हता. तरी पैसे रॅमवरच घाला.

कळफलक
नवीन काही न टाकता रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, एक्सप्लोररच्या कीखाली ऑल्टटॅबसेटिंग्ज नावाची ड्वर्ड (आकडी) व्हॅल्यू १ करा आणि एक्सप्लोरर पुन्हा सुरू करा. विंडोज ९५ पासूनची ती छोट्या चिन्हांची पट्टी परत येते. मोठी चित्रं व्हिस्टापासूनची, त्याआधी कुणाचं काही अडलं नव्हतं.

फक्त त्यामुळे मेमरी वाचेल या भ्रमात राहू नका. विंडोज ८ पासून डेस्कटॉपचं कंपोझिशन, म्हणजे प्रत्येक विंडोचं चित्र वेगळं ठेवून पडदा जोडणं, बंदच करता येत नाही. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर पूर्ण पसरलेल्या विंडोचं चित्र, पिक्सेलला ४ बाइट धरले तर, साधारण ४ एमबी. ते सिस्टीम स्वतःसाठी ठेवतेच, तुम्ही स्विचर कुठलाही वापरा.

शंकासूर
सगळे वेगावरच बोलताय. असली युटिलिटी ऑल्ट-टॅब पकडते ती बहुधा कीबोर्डवर हुक (मधे बसून कीज ऐकणारा कोड) लावून, म्हणजे तुम्ही दाबलेली प्रत्येक की तिच्या हातून जाते. पासवर्डसुद्धा. सोर्स उघडा असेल आणि मूळ जागेवरून उतरवली असेल तर ठीक. पण जुन्या मशीनवाले नेमक्या वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या एक्सई कुठल्यातरी डाउनलोड साइटवरून उचलतात.

आणखी एक गंमत: अ‍ॅडमिन हक्कांनी चालणारी विंडो पुढे असेल तर साध्या हक्कांच्या युटिलिटीला की मिळतच नाही. अचानक जुनं ऑल्ट-टॅब दिसतं आणि माणूस म्हणतो, हे बिघडलं.

पेंग्विनपंखा
विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यावर मलमपट्टी कशाला? हलकं लिनक्स टाका, आइसडब्ल्यूएम किंवा ओपनबॉक्स हा हलका विंडो मॅनेजर घ्या, रोफी या यादीतून शोधायच्या प्रोग्रामला विंडो मोडमध्ये एक शॉर्टकट द्या. तेच नाव टाइप करून शोधणं, बाकी कसलं ओझं नाही. मात्र एक्स११ या पडद्यावर विंडो दाखवायच्या जुन्या पद्धतीवरच राहा. डब्ल्यूएमसीटीआरएलसारखी विंडो हाताळायची जुनी हत्यारं वेलँड या नव्या पद्धतीच्या विंडोंना ओळखत नाहीत.

शंकासूर
एक्स११ वर तर कुठलाही प्रोग्राम दुसऱ्याच्या कीज वाचू शकतो. वेलँडनं अडवलं ते त्याचसाठी. आगीतून फुफाट्यात!

कळफलक
खिडकीमोजे, एक विचारायचं राहिलं. फाइलींची नावं मराठीत असतील तर कीबोर्ड आधी मराठी करावा लागतो ना? मग दोन अक्षरांत विंडो कशी सापडते?

खिडकीमोजे
बरोबर पकडलंत. पहिला आठवडा त्यातच गेला. ऑल्ट-स्पेस, मग भाषा बदलायला विन-स्पेस, मग 'प्रक', आणि सगळीच प्रकरणं यादीत. आता फाइलीच्या नावाआधी इंग्रजी आकडा लावते.

रजिस्ट्रीचा उपायही काल करून पाहिला. पट्टी झटकन येते हे खरं. पण पाच वर्ड फाइलींची पाच चिन्हं हुबेहूब सारखी आणि नाव फक्त निवडलेल्याचंच दिसतं. परत काढून टाकला.

फिरती_तबकडी
आणि रॅम?

खिडकीमोजे
बोर्डावरच डकवलेली आहे, वाढत नाही. हार्ड डिस्क मात्र दोन स्क्रूंवर आहे. एसएसडी मागवली, आली की इथे सांगते. स्विचरू तोवर काढत नाही.