जिफमध्येही गोष्ट मावते

जिफला (GIF, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणारं छोटं हलतं चित्र) शेवट नसतो, ती फिरत राहते, म्हणून तिच्यात गोष्ट सांगता येत नाही, असं काहींना वाटतं. हे मत मला पटत नाही. १९८९ च्या सुधारित रूपापासून जिफमधली प्रत्येक चौकट (फ्रेम) पडद्यावर किती वेळ थांबावी हे वेगवेगळं ठरवता येतं, तेही सेकंदाच्या शंभराव्या भागात. गोष्ट तिथेच घडते. आमच्या बडोद्यातल्या उत्तरायणाचं, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाचं, उदाहरण घ्या. गच्चीवरची ढील भराभर दाखवा, पतंग कापल्यावर मात्र दोन सेकंद फक्त रिकामं आकाश ठेवा, आणि मग पुन्हा तोच पोरगा नवा पतंग हातात घेऊन. इथे फिरत राहणं अडचणीचं नाही. सणाचा दिवस असाच जातो, कापला की दुसरा.

बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपत दाखवली होती. ना संवाद, ना पात्र. तरी ती गोष्टच होती, आणि ती पाहून त्या चित्रपटासाठी भांडवल उभं राहायला मदत झाली!

आवाज नाही आणि एका चौकटीत जास्तीत जास्त २५६ रंग, ही मर्यादा खरी आहे. संध्याकाळच्या आभाळावर पट्टे उमटतात. म्हणून सपाट रंगांची रेखाचित्रं निवडा, फोटो नकोत. आणि मजकूर टाकायचाच असेल तर दोन-तीन शब्द, तेही मराठीत.