मदत हवी आहे: लुक्कामधल्या जुन्या पलाझ्झोत, म्हणजे श्रीमंतांच्या जुन्या वाड्यात, राहावं का? (साबा, म्हणजे सासूबाई, सोबत आहेत)

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात इटलीला जातोय. मी, नवरा, सातवीतली लेक आणि सासूबाई. आधी रोम, मग फ्लोरेन्स आणि शेवटी लुक्का. लुक्का माझ्या हट्टामुळे. गावाभोवतीचा सोळाव्या-सतराव्या शतकातला तट अजून अखंड आहे, चार किलोमीटरहून थोडा जास्तच, आणि वरून झाडांच्या सावलीतला रुंद, सपाट रस्ता. साबांना रोज फिरायला लागतं, पण एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चढउतार नको असतो. तिथे त्या सुखाने फिरतील.

घोडं अडलंय हॉटेलपाशी. लुक्काचे रेशमाचे व्यापारी आणि सावकार एकेकाळी गबर होते. अशाच कुणाच्या तरी घरात आता मोजक्या खोल्यांचं हॉटेल आहे. फोटो बघून मी पार विरघळले. छतावर रंगवलेले ढग, त्यात गुबगुबीत पंखवाली बाळं, खाली लाल फरशी. आणि खोलीच्या कोपऱ्यात एक काचेची पेटी उभी. नीट पाहिल्यावर कळलं, ते बाथरूम आहे!

नवरा म्हणतो, स्टेशनजवळचं साधं लिफ्टवालं हॉटेल घे, झोपल्यावर छत कोण बघतं. मी बघते, हे त्याला सांगून उपयोग नाही.

अशा ठिकाणी कुणी राहिलंय का? दोन खोल्या दाखवतायत. एक "पियानो नोबिले"वर, चित्रांची, महाग. दुसरी सगळ्यात वर, लाकडी तुळयांची, बरीच स्वस्त. लिफ्टबद्दल साइटवर चकार शब्द नाही. थंडी कितपत असते? पैसे आत्ताच भरले तर सवलत आहे, पण व्हिसा अजून यायचाय. शाकाहाराचं आमचं आम्ही बघू, तो धागा वेगळा आहे.

---

उंडारू:

हॉटेल नंतर, आधी तारखा बघा. लुक्कात १९६६ पासून कॉमिक्सचा मेळा भरतो, आता तो प्रचंड झालाय, आणि तो नेमका ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला असतो. लाखांनी लोक येतात, निम्मे कार्टूनच्या वेशात. खोल्यांचे भाव गगनाला, गाड्या खच्चून भरलेल्या. लेकीला धमाल वाटेल, पण साबांची तटावरची सकाळची फेरी विसरा. क्रम उलटा करा: आधी लुक्का, रोम शेवटी.

सवलतीच्या नादी लागू नका. थोडे जास्त गेले तरी रद्द करता येणारं बुकिंग घ्या. व्हिसाच्या अर्जाला तेही चालतं.

---

चुना_आणि_वीट:

जुन्या वास्तूंच्या कामात आयुष्य गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या घरांत तळमजला गोदाम, दुकान, घोडे यांच्यासाठी असायचा. घरमालकाचा थाट त्याच्या वरच्या मजल्यावर, तोच पियानो नोबिले. उंच छत, मोठ्या खिडक्या, चित्रं, सगळं तिथेच. सगळ्यात वर नोकरचाकर. म्हणून वरची खोली स्वस्त आहे: छत बुटकं, उन्हाळ्यात तापणार, जिनाही अरुंद. पण पहिला मजला म्हणून पियानो नोबिलेला भुलू नका. खालचा मजलाच एवढा उंच असतो की तो आपल्या इमारतीतले दोन मजले चढल्यासारखा पडतो, आणि दगडी पायऱ्या मधोमध झिजलेल्या असतात.

लिफ्टसाठी अशा संरक्षित वास्तूत पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि ती सहजासहजी मिळत नाही. मिळाली तरी लिफ्ट जिन्याच्या पोकळीत कशीबशी कोंबलेली. तीन माणसं की दोन माणसं आणि एक बॅग, हे ठरवून आत शिरायचं. बऱ्याचदा रस्त्यापासून लिफ्टपर्यंतच पाच-दहा पायऱ्या असतात. "लिफ्ट आहे" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका, "दारापासून खोलीपर्यंत एकूण किती पायऱ्या" असं विचारा.

आता ती काचेची पेटी. जुन्या भिंती फोडता येत नाहीत, म्हणून बाथरूम खोलीत वेगळी उभी करतात. सांडपाण्याचा पाइप जुन्या फरशीवरूनच न्यावा लागतो, मग बाथरूमची जमीन वीतभर उचलतात. दारातच पायरी, आत ओली फरशी. तुमच्या साबांना जिन्यापेक्षा ही पायरी जास्त धोक्याची. रात्री झोपेत उठतील तेव्हाचा विचार करा. शॉवरच्या दाराचा फोटो मागवा.

थंडीचं म्हणाल तर लुक्का ज्या हवामान-पट्ट्यात मोडतं तिथे हीटिंग सर्वसाधारणपणे १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल याच काळात लावतात, तसा नियमच आहे. दगडी भिंती ऑक्टोबरच्या रात्री गारठतात. एसीतून गरम हवा येते का विचारा, आणि जादा रजई मागून ठेवा.

---

झणझणीत:

+१. शॉवरजवळ दोरी लोंबत असेल तर ती लाइटची नाही, ओढू नका. ती मदतीची घंटा. आमच्या मामींनी ओढली आणि मालक धावत वर आला. 😀

पासपोर्ट मागतील, घाबरू नका, पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करावी लागते. माणशी रोजचा पर्यटन कर बऱ्याचदा वेगळा भरायचा, तो धरून हिशोब करा. स्टेशनवरून टॅक्सीच घ्या. तटाच्या आतल्या बऱ्याच भागात खाजगी गाड्यांना बंदी आहे, कॅमेरे लावलेत, टॅक्सीला मुभा असते.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे आभार! कॉमिक्सच्या मेळ्याची कल्पनाच नव्हती. क्रम उलटा केला, आता आधी लुक्का.

चुना_आणि_वीट, तुमचे प्रश्न जसेच्या तसे मेलवर पाठवले. मालकीणबाईंचं उत्तर आलंय. लिफ्ट आहे, पण तिच्यापर्यंत रस्त्यापासून नऊ पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. काचेच्या पेटीला पायरी आहेच. त्याच मजल्यावर मागच्या अंगणाकडे एक लहान खोली आहे, तिची बाथरूम जमिनीला सपाट. छतावर चित्रं नाहीत. ती साबांना आणि लेकीला द्यावी, ढगांखाली आम्ही झोपावं, असा विचार आहे. साबा म्हणतात, "नऊच ना? देवळाला त्याहून जास्त आहेत."

घेऊ ना?

---

चुना_आणि_वीट:

घ्या. वर जाताना कठडा कुठल्या हाताला येतो तेवढं विचारून ठेवा. उतरताना तो दुसऱ्या हाताला येणार, तेव्हा काठी सोबत असू द्या.