उत्तर: ग्लासवरचा पांढरा थर

ताई, डिशवॉशरमधून ग्लास पांढरट निघतात असं विचारलंत, तर मेकॅनिकला बोलवायच्या आधी एक करून बघा, त्या पांढरट ग्लासवर कापसाने थोडं व्हिनेगर चोळा. थर निघाला तर तो पाण्यातला क्षार आहे, नाही निघाला तर काचच झिजलीये, ती परत चकचकीत नाही होणार. आमच्याकडे अंधेरीत हेच झालेलं, पालिकेचं तलावाचं पाणी तसं मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं म्हणून मी मशीनमधल्या सॉल्टचं (पाणी मऊ करणाऱ्या खास जाड मिठाचं) सेटिंग कमी ठेवलेलं आणि मे महिन्यात सोसायटीने टँकर सुरू केले, ते बोअरवेलचं जड, जास्त क्षारांचं पाणी, आठवड्याभरात सगळे ग्लास धुरकट! सेटिंग वाढवलं, सॉल्ट भरलं, फरक पडला. घरातलं मीठ अजिबात घालू नका हं, बारीक असतं, आत गच्च बसतं. आणि सॉल्ट भरल्यावर लगेच एक सायकल चालवा, सांडलेल्या मिठाने स्टीलला गंज धरतो.

भांडी खरखरीत निघतात म्हणालात ना, त्याला फिल्टर बघा, आणि आतले पाणी फवारणारे फिरते पंखे काढून उजेडात धरा, माझ्या खालच्या पंख्याच्या तीन भोकांत मोहरी अडकलेली, टूथपिकने एकेक काढली. फोडणीची कढई आधी नीट झटकून मगच ठेवायची.