मदत हवी आहे: फाईल होस्टिंगसाठी स्वस्त डेडिकेटेड सर्व्हर सुचवा (तातडीचं)

शिंपला: फाईल होस्टिंगची साईट चालवतोय. युजर भराभर वाढलेत, आताचा सर्व्हर पुरत नाही. संध्याकाळी डाउनलोड इतकं रखडतं की लोक अर्ध्यात सोडून जातात. बजेट बेताचं आहे. कोणता डेडिकेटेड (अख्खा आपल्या एकट्याचा) सर्व्हर घेऊ? आज-उद्या ऑर्डर टाकायचीच आहे, त्यामुळे नेमकं सांगा.

वाटाड्या: नेमकं सांगायचं तर माहितीही नेमकी लागेल. डेटा किती, महिन्याला ट्रॅफिक किती, पोर्ट (नेटवर्कची जोडणी) केवढा, डिस्क कोणत्या, रेड (अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) कोणतं?

घनदाट: डेडिकेटेडच्या फंदात पडूच नका. ऑब्जेक्ट स्टोरेजवर (क्लाउडवर भाड्याने मिळणाऱ्या साठवणीवर) टाका. डिस्क मेली तरी रात्री उठावं लागत नाही. मी सगळं तिकडेच हलवलंय.

पोलादी: @घनदाट, बहुतेक मोठे क्लाउड बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीचे पैसे लावतात. यांचा तर धंदाच बाहेर जाणाऱ्या डेटाचा!

घनदाट: सगळे नाही लावत. क्लाउडफ्लेअर आर२ वर एग्रेस (बाहेर जाणारा डेटा) फुकट आहे, बॅकब्लेझ बी२ वर साठवलेल्या डेटाच्या तिपटीपर्यंत फुकट.

पोलादी: आणि वर्षभर कोणी न उघडलेल्या फाईलींचं भाडं दरमहा भरायचं, ते वेगळंच.

शिंपला: वाद नंतर घाला. डेटा १८ टीबी, ट्रॅफिक महिन्याला ६० टीबीच्या आसपास, पोर्ट १ गिगाबिट अनमीटर्ड (डेटा मोजून पैसे लावत नाहीत), ४ हार्ड डिस्क. १० गिगाबिटचा पोर्ट घेतला की सुटेल ना प्रश्न?

निर्झर: कंट्रोल पॅनेल (ब्राउझरमधून सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर) अजिबात घेऊ नका. साधं डेबियन लिनक्स टाका, पासवर्ड लॉगिन बंद करा, त्याऐवजी एसएसएच की (लॉगिनसाठीची की-फाईल) वापरा.

वाटाड्या: @शिंपला, थांबा. ६० टीबी महिनाभरात म्हणजे सरासरी १८५ मेगाबिट. संध्याकाळी तिप्पट धरलं तरी साडेपाचशे. पोर्ट भरत नसावा. रखडतं त्या वेळी ‘आयओस्टॅट -एक्स ५’ ही डिस्कवरचा ताण दाखवणारी कमांड चालवा आणि युटिलचा (डिस्क किती टक्के वेळ कामात आहे) कॉलम काय म्हणतो ते इथे टाका.

शिंपला: चारही डिस्क ९८ ते १०० टक्के. आर_अवेट (एका रीडला लागणारा वेळ) १४० मिलिसेकंदांच्या वर. नेटवर्क मात्र ३१० मेगाबिटच. रेड ५ आहे.

वाटाड्या: म्हणजे अडलंय ते डिस्कवर. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला वेगवेगळ्या जागचे शंभर-सव्वाशे रीड कसेबसे देते. शेकडो जण निरनिराळ्या फाईली ओढायला लागले की हेड नुसतं इकडून तिकडे धावतं. १० गिगाबिट घेतलंत तर बिल वाढेल, वेग तोच राहील. ते पैसे जास्त डिस्क, भरपूर रॅम आणि दोन एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडी) घाला. ज्या फाईलींना आज मागणी आहे त्या एनव्हीएमईवर ठेवा. शिवाय रीड-अहेड (डिस्क एका वेळी पुढचा किती डेटा आधीच वाचून ठेवते) तपासा. १२८ केबी असेल तर १-२ एमबी करून बघा, यात काही खर्च नाही.

पोलादी: आणि रेड ५ सोडा, ते एकच डिस्क गेलेली सोसतं. एवढ्या मोठ्या डिस्कचं रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा परत उभा करणं) फार वेळ चालतं, तेवढ्यात दुसरी गेली की सगळंच गेलं. रेड ६ करा, त्यात दोन गेल्या तरी डेटा राहतो. स्वस्तात हवं तर हेट्झनर या जर्मन होस्टिंग कंपनीच्या सर्व्हर ऑक्शनमध्ये बघा, सेटअप फी नसते. डिस्क वापरलेल्या असतात, ताब्यात आल्या आल्या स्मार्टचे (डिस्कच्या तब्येतीचे) आकडे बघा, खराब वाटली तर बदलून मागा.

घनदाट: रेड ६ असो वा १०, तो बॅकअप नव्हे. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरची एक अख्खी इमारत जळाली. दुसरी प्रत दुसऱ्या जागी हवीच.

पोलादी: हे मात्र पटलं.

शिंपला: १२ डिस्कचा एक बघितलाय, अनमीटर्ड म्हणतात. घेऊन टाकू?

वाटाड्या: आधी त्यांच्या अटी वाचा. ‘अनमीटर्ड’च्या खाली फेअर यूजचं (वापराला मर्यादा घालणारं) कलम असतं, पोर्ट शेअर्डही असू शकतो. काहींना सार्वजनिक फाईल होस्टिंग चालतच नाही, कॉपीराइटची तक्रार आली की थेट आयपी बंद. तिकीट टाकून तिन्ही गोष्टी विचारा. उत्तर लेखी आलं की मगच पैसे भरा.

शिंपला: टाकलं तिकीट. रॅम ६४ जीबी आहे, पुरेल?